इंग्रजीतले ‘नाही’ आणि आपले ‘हो’



आपल्या मुलांना चांगले इंग्रजी यावे अशी प्रत्येक आईबापाची इच्छा असते. त्यासाठी मुले व्याकरण घोकतात, शब्द पाठ करतात. परंतु या भाषेत एक छोटासा शब्द असा आहे की, तो पुस्तकात एक काम करतो आणि बाजारात दुसरेच. तो शब्द म्हणजे ‘नॉट’, आपला ‘नाही’. समोरच्याचे मन वळविण्यासाठी तो कसा वापरला जातो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम साधी गोष्ट घेऊ. इंग्रजीत पाहुण्याला ‘वोन्ट यू सिट डाउन?’ असे विचारतात. शब्दशः अर्थ ‘तुम्ही बसणार नाही का?’, हेतू मात्र ‘बसा’ असा. हे आपल्याला परके नाही. आपणही ‘जेवून जाणार नाही का?’ असे आग्रहानेच विचारतो. फरक पडतो तो उत्तरात. मुलाखतीत ‘डोन्ट यू हॅव द सर्टिफिकेट?’ असे विचारले आणि दाखला जवळ नसला, तर मराठी किंवा उर्दू बोलणारा मुलगा सवयीने ‘येस’ म्हणून जातो. कारण घरी आपण ‘हो, नाही’ असेच म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘येस’ म्हणजे दाखला आहे आणि ‘नो’ म्हणजे नाही. तसेच ‘डू यू माइंड?’ म्हणजे ‘आपली हरकत आहे का?’ येथे परवानगी द्यावयाची असेल तर उत्तर ‘नो’ हेच येते.

दुसरा प्रकार अधिक सावधगिरीचा आहे. ‘यू डोन्ट हॅव एनी ऑब्जेक्शन, डू यू?’ म्हणजे ‘तुमची काही हरकत नाही ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेले असते. नुसते ‘नो’ म्हणणे सोपे, हरकत घेणे अवघड. असे उत्तर सुचविणारे प्रश्न कायद्यानेही ओळखले आहेत. वकिलाने स्वतःच्याच साक्षीदाराला सरतपासणीत असा सूचक प्रश्न विचारला आणि विरुद्ध बाजूने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो विचारता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हे होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. न्यायालयात एवढी काळजी घेतात. फॉर्म भरण्याच्या टेबलाशी ती आपली आपणच घेतली पाहिजे.

तिसरा प्रकार नुकसानीच्या भीतीचा. ट्वर्स्की आणि काहनमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका काल्पनिक साथीत ६०० माणसे दगावण्याचा संभव आहे, असे धरावयाचे. एका गटाला विचारले : पहिल्या योजनेने २०० माणसे नक्की वाचतील, दुसरीने सर्व वाचण्याचा संभव तीनांत एक, कोणीच न वाचण्याचा तीनांत दोन. ७२ टक्क्यांनी पहिली योजना निवडली. दुसऱ्या गटापुढे त्याच योजना ठेवल्या, पण ‘२०० वाचतील’ याऐवजी ‘४०० मरतील’ असे शब्द वापरले. आता ती योजना फक्त २२ टक्क्यांनी निवडली. हिशेब तोच, बदलले ते शब्द, आणि त्यांच्याबरोबर माणसांची मने.

जाहिरात लिहिणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. ‘हा लाभ घ्या’ असे न म्हणता ते ‘डोन्ट मिस’, ‘संधी गमावू नका’ असे म्हणतात. जे अजून आपले झालेलेच नाही, ते गमावण्याची भीती घालतात. क्लासची फी, हप्त्यावरचे सामान, परदेशातील नोकरी, सर्वत्र हीच भाषा आढळते.

‘नाही’ हा शब्द बोलणाऱ्यावर उलटतोही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १७ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘आय ॲम नॉट अ क्रुक’, म्हणजे ‘मी लबाड नाही’, असे म्हणाले. लोकांच्या ध्यानात राहिला तो ‘क्रुक’ हाच शब्द. तेव्हा विद्यार्थ्यांनो, अर्जात ‘माझे गणित वाईट नाही’ असे लिहू नका. किती गुण मिळाले ते लिहा.

मग ओळखावे कसे? उपाय सोपा आहे. वाक्य उलटवून वाचा. ‘२५ टक्के सवलत गमावू नका’ असे लिहिले असेल, तर ‘७५ टक्के रक्कम भरा’ असे वाचा आणि मग विचारा : ही वस्तू मला हवी आहे का? मात्र प्रत्येक ‘नॉट’ फसवा नसतो. विजेच्या खांबावरील ‘डू नॉट टच’ हा सरळ इशारा आहे. पावतीवरील ‘नॉट रिफंडेबल’ म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत. तेथे अर्थ फिरवीत बसू नये. तो जसा आहे तसा मानावा.

पालकांना माझी विनंती आहे की, इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी तो आपल्या मुलाकडून किंवा मुलीकडून घरच्या भाषेत समजून घ्या. त्यात कमीपणा नाही. आणि मुलांनो, आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला शिकविले आहे. त्यांना तो कागद नीट समजावून सांगता आला, तर तुमचे इंग्रजी घराच्या कामी आले असे मी समजेन.