मांजराचें अन्न आणि कुत्र्याचें अन्न

मुरुमसारख्या जोंधळ्याच्या मुलखांत घरीं भाजलेल्या भाकरीचा चतकोर कुत्र्याला आणि दुधांत कुसकरलेली भाकरी मांजराला, अशी वांटणी सहज होते. दोन्ही जनावरें माणसाळलेलीं खरीं. पण त्यांची प्रकृति एक नव्हे.

मनुष्याच्या सहवासांत कुत्रा पिष्टान्न पचवूं लागला. लांडग्यापेक्षां ही शक्ति त्याच्या ठायीं अधिक आहे, असें २०१३ सालीं जनुकांच्या अभ्यासावरून दिसून आलें. भाकरी त्याला चालते. मात्र जोडीला अंडें वा मांस हवें.

मांजराचें तसें नाहीं. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांस-मासळींतूनच मिळतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि अधू होते, हें १९७५ सालीं, व हृदय दुबळें होतें, हें १९८७ सालीं संशोधकांनीं दाखविलें. दूधभाकरीनें पोट भरतें. डोळे मात्र हळूहळू विझतात. शिवाय पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचतही नाहीं.

ज्या घरीं मांस शिजत नाहीं, तेथें टॉरिनयुक्त असें खास मांजराचेंच तयार खाद्य आणावें. कुत्र्याचें खाद्य त्यास पुरत नाहीं. कांदा-लसणाचें कालवण मात्र दोघांनाही वर्ज्य. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. मुक्या जिवाला आपलें पथ्य सांगतां येत नाहीं. तें धन्यानेंच जाणलें पाहिजे.