वाचन, ऐकणे आणि वाद घालणे
(वर्षावास ग्रंथवाचन समारोपाच्या कार्यक्रमात ब्रह्मपुरी येथे दिलेले व्याख्यान)



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात ग्रंथवाचन झाले. रोवण्याचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावलेल्या मायबहिणी संध्याकाळी हातपाय धुऊन वाचन ऐकायला येऊन बसत. वाचन आटोपले, सरणत्तयं झाले, की काही मंडळी घरी जात आणि काही ओसरीवर रेंगाळत. तेथे जो वाद रंगे त्याची कोणी नोंद ठेवली नाही. आजच्या समारोपात ग्रंथाविषयी पुष्कळ बोलले जाईल. आम्ही मात्र त्या ओसरीवरच्या वादाविषयी बोलणार आहोत. आमच्या मते या तीन महिन्यांची खरी मिळकत त्या वादातच आहे.

ओसरीवर मुख्यतः तीन प्रश्न निघत. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांचा. पोलीस भरती, वनरक्षक भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करणाऱ्याने कथा-कादंबरी वाचण्यात वेळ का घालवावा? दुसरा जाणत्या मंडळींचा. जे स्वतः वाचत नाहीत, नुसते ऐकतात, त्यांना वाचक म्हणावे काय? आणि तिसरा सर्वांचाच. आपण आपलेच साहित्य वाचावे की सगळ्यांचे? आणि आपल्या लेखकांनी आपली दुःखे, आपली भांडणे चव्हाट्यावर मांडली ती योग्य की अयोग्य?

हे प्रश्न आपल्याच गावात प्रथम निघाले असे नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत सुभेदार रामजी आंबेडकरांच्या घरात याच प्रश्नांवर बाप-लेकाचा वाद झाला होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही हकीकत सांगितली आहे. ती प्रस्तावना त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, पुढे प्रकाशात आली. रामजीबाबा धार्मिक वृत्तीचे आणि शिस्तीचे. ते लहान भीमाकडून रामायण-महाभारताचे भाग वाचून घेत. ऐकायला बहिणी असत आणि कथा ऐकायला घरी येणारी इतर मंडळीही असत. म्हणजे बाबासाहेबांच्या वाचनाचा आरंभ दुसऱ्यांना वाचून दाखवण्यातून झाला. एक वाचणारा आणि चार ऐकणारे, हीच त्या घराची शाळा होती.

पुढे शाळेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल मुलाची सत्कारसभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर तेथे अध्यक्ष होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला भेट दिले. मुलाने ते वाचले आणि वडिलांना सरळ विचारले, आपण आम्हांला बुद्धाचे वाङ्मय का वाचायला दिले नाही? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगितली आहे, तेच का वाचून घेता?

वडिलांनी उत्तर दिले, आणि ते उत्तर टाकाऊ नव्हते. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येण्याची भीती. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती मोठे झाले हे वाचून तो गंड जातो, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेब लिहितात की वडिलांच्या बोलण्यात जोर होता, पण आपले समाधान झाले नाही. महाभारतातली कोणतीच व्यक्ती त्यांच्या मनाला भावली नाही. भीष्म-द्रोण बोलतात एक आणि वागतात दुसरे, असे त्यांनी वडिलांना सांगितले. वडील गप्प झाले. मुलाच्या मनात बंड आहे हे त्यांनी ओळखले.

या प्रसंगात आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की मुलाने जे नाकारले ते वाचून नाकारले. न वाचता नाकारले असते तर वडिलांपुढे एक वाक्यही टिकले नसते. दुसरी ही की वडिलांनी वाद घालू दिला. त्या काळच्या घरात पोराने बापाला उलट विचारणे ही साधी गोष्ट नव्हती. रामजीबाबांनी काठी उचलली असती तर एक आज्ञाधारक वाचक तयार झाला असता; बाबासाहेब तयार झाले असते काय, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.

आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. आपले वाचावे की सगळ्यांचे? सगळ्यांचे वाचावे आणि आपल्या प्रश्नांनिशी वाचावे. अंगुत्तर निकायातील केसपुत्तच्या कालामांची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. त्यांची तक्रार काय होती? निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येतात, आपल्या मताची थोरवी गातात, दुसऱ्याच्या मताची निंदा करतात; कोणाचे खरे मानावे? ही आजच्या वाचकाचीच अडचण आहे. पुस्तकांच्या दुकानात आणि हातातल्या मोबाईलवरही हेच चालले आहे. भगवंतांनी त्यांना शंका घेतल्याबद्दल रागावले नाही. शंका घेण्याजोग्या ठिकाणी शंका आली हे योग्यच झाले, असे सांगितले. ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. तपासा, हितकर आहे काय ते पाहा.

आणि ज्या ग्रंथाचे आपण तीन महिने वाचन केले, तो ग्रंथ कसा सुरू होतो ते आठवा. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या परिचयातच बाबासाहेबांनी चार कोडी मांडली आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतली आहेत काय? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? भिक्खू संघाचा हेतू कोणता? हे प्रश्न वाचून वाचकांनी पुढे यावे आणि उत्तर शोधण्यात हातभार लावावा, अशी अपेक्षा त्यांनी तेथे व्यक्त केली आहे. म्हणून एखाद्या तरुणाने वाचन संपल्यावर "हे मला पटले नाही" असे म्हटले तर त्याला अश्रद्ध म्हणून गप्प करू नका. ग्रंथकारानेच त्याला बोलावले आहे.

'चव्हाट्यावर मांडण्याचा' वादही जुना आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' ग्रंथाली या वाचक चळवळीने प्रसिद्ध केले. महाराष्ट्रभर त्याचे स्वागत झाले, पण आपल्याच समाजातील अनेक वाचक दुखावले. आपण शिकलो, नोकरीला लागलो, चांगल्या वस्तीत आलो; आता महारवाड्यातले दारिद्र्य, भांडणे, बायकांची विटंबना जगाला कशासाठी दाखवायची, असा त्यांचा सवाल. तो सवाल हसण्यावारी नेऊ नये. शेजाऱ्यापासून आडनाव लपवून राहावे लागणाऱ्या माणसाला त्या पुस्तकाची भीती वाटली, ही त्याची चूक नसून समाजाची लाज आहे. पण त्या पुस्तकाची रचना पाहा. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग आहेत. शिकलेला माणूस आपल्याच जुन्या रूपाला समोर बसवून ऐकतो आहे. 'लपवावे की सांगावे' हा वाचकांमधला वाद लेखकाने आधी स्वतःशीच घातला आहे. ज्यांनी पुस्तक उघडले त्यांना तो दिसला. ज्यांनी नुसते ऐकून मत बनवले त्यांना दिसला नाही.

साहित्याला दलित म्हणावे, बौद्ध म्हणावे की आंबेडकरी म्हणावे, हा वादही आपल्या विदर्भाने हिरिरीने घातला. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे उद्घाटक होते, तेव्हापासून नावाची चर्चा आजतागायत चालू आहे. नावाचा वाद निरर्थक नाही. आपण स्वतःला कोण समजतो हे त्यातून ठरते. मात्र नावावर दोन तास आणि पुस्तकावर दोन मिनिटे, असे आपल्या चर्चांचे होऊ नये.

आता दुसरा प्रश्न, ऐकणाऱ्यांचा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांतल्या अनेकांना सहीदेखील येत नव्हती. त्यांनी बावीस प्रतिज्ञा कानांनी ऐकल्या आणि आयुष्यभर पाळल्या. त्यांना अवाचक म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाही. बुद्धवचन स्वतःच कित्येक पिढ्या मुखोद्गत राहिले, लिहिले गेले ते फार नंतर. आपल्या झाडीपट्टीचेच उदाहरण घ्या. धानाची कापणी-मळणी उरकली की दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. रात्रभर नाटक पाहून माणसे सकाळी चहाच्या टपरीवर वाद घालतात. सुनेचे बरोबर होते की सासूचे, लेखकाने शेवटी बापाला मारायला नको होते, गाणी जास्त झाली. ही समीक्षाच आहे. हीच माणसे विहारात आली की तोंड मिटून का बसतात? विहारात वाचणारा उंच जागी आणि ऐकणारा खाली असतो, प्रश्न विचारला तर अपमान होईल असे वाटते, म्हणून.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. त्या किराणा दुकान चालवीत. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि दुकानात बसल्या बसल्या लिहीत. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले. ज्या बाईला आपण 'हिला वाचनाचे काय' म्हणून चहा करायला पाठवतो, ती घरी जाऊन काय वाचत असेल, काय लिहीत असेल, हे आपल्याला माहीत नसते. म्हणून आमची नम्र सूचना आहे की वाचनानंतर पहिला प्रश्न मागच्या रांगेतून यावा.

राहिला पहिला प्रश्न, विद्यार्थी मित्रांचा. ब्रह्मपुरी हे शिक्षणाचे गाव. नागभीड, सिंदेवाही, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातली गावे, सगळीकडून मुले येथे खोली करून राहतात. घरी दोन-तीन एकर धानाची बांधी, आई-बापाची मजुरी, आणि एका जागेमागे हजारो अर्ज. अशा मुलाने कादंबरी हाती घेतली की त्याला अपराधी वाटते. त्याला 'वाचनाने संस्कार होतात' असे सांगणे सोपे आहे, पण त्याने त्याची फी भरली जात नाही. म्हणून आम्ही त्याला व्यवहाराचेच सांगतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करण्याचे आयोगाने ठरवले. तेथे चार पर्यायांवर खूण करून भागणार नाही, स्वतःचे मत स्वतःच्या वाक्यांत मांडावे लागेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मराठी साहित्य या वैकल्पिक विषयात महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' ही पुस्तके नेमलेली आहेत. ज्यांना आपण फावल्या वेळचे वाचन म्हणतो, तीच पुस्तके तेथे अभ्यासाची आहेत. तरीही पुढच्या महिन्यात धावण्याची चाचणी असलेल्या मुलाला आम्ही कादंबरी वाच म्हणणार नाही. त्याने आठवड्यातून एक तास तेवढा ओसरीवर द्यावा. दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून, पुस्तकातला आधार दाखवून आपले मत मांडणे, ही मुलाखतीची तयारीच आहे आणि ती कोणत्याही प्रश्नसंचात मिळत नाही.

आपल्या अभ्यासिकेत भिंतीवर 'शांतता राखा' असा फलक आहे. तो राहू द्या, त्याची गरज आहे. पण शेजारच्या ओसरीला बोलू द्या. संस्थेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पुढच्या वर्षावासापासून वाचनाच्या वेळेतील शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. महिन्यातून एक रविवार ग्रंथेतर एका पुस्तकावर चर्चा व्हावी, आणि त्यात ते पुस्तक न आवडलेल्या एका तरी वाचकाला आग्रहाने बोलावे. आणि निघालेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवावेत. ती वही कोण लिहील ते आजच ठरवावे, शक्यतो एखादी विद्यार्थिनी.

वादाची रीतही ठरवून घ्यावी. पुस्तक न वाचता किंवा न ऐकता त्यावर निकाल देऊ नये. बोलणाऱ्याचे घर, पोटजात, पक्ष, गट मध्ये आणू नये. आपल्या कित्येक चर्चा याच खडकावर फुटल्या आहेत. "कोणत्या पानावर?" असा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. आणि वाद सुटला नाही तर तो तसाच ठेवून एकत्र चहा प्यावा, पुढच्या वेळी पुन्हा घ्यावा. रामजीबाबा आणि भीमराव यांचा वादही त्या दिवशी सुटला नव्हता. मुलगा उत्तर शोधत राहिला. तो शोध नागपूरच्या आणि चांद्याच्या मैदानापर्यंत पोहोचला, आणि आपण सर्व आज ज्या ओसरीवर बसतो ती ओसरी त्यातूनच उभी राहिली.

आपण आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. आता मात्र शांत बसू नका. ज्यांना आमचे बोलणे पटले नसेल त्यांनी सभा संपल्यावर अवश्य थांबावे.

जयभीम! नमो बुद्धाय!