यादी कोणाच्या हातीं गेली ?

(गांवच्या चावडीवर भरलेल्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मी शाळामास्तर आहें, पुढारी नव्हे. आज बोलावयाचें आहे तें माझ्या एका चुकीसंबंधानें. चूक माझी, पण तिचें फळ दुसऱ्याला भोगावें लागलें, म्हणून ती चारचौघांसमोरच कबूल केली पाहिजे.

आपल्या केंद्राच्या मतदार यादीचें काम सरकारनें माझ्याकडे दिलेलें आहे, हें तुम्हांस ठाऊक आहे. घरोघर फिरावें, नवीं नांवें घालावीं, मयतांची खबर वर द्यावी, हें तें काम. फिरतां फिरतां माझ्या वहींत यादीपेक्षां कांहीं अधिकच जमलें. कोणाचा मोबाईल नंबर, कोण ऊसतोडीला गेला, कोणाला निराधार योजनेचा पगार मिळतो. मागें एका निवडणुकीच्या आधीं ओळखीचा एक तरुण आला. चहा झाला. म्हणाला, "गुरुजी, वहीचे फोटो काढूं द्या, म्हणजे लोकांना चिठ्ठ्या वेळेवर पोंचवतां येतील." मीं वही पुढें केली. पांच मिनिटांचें काम.

आठ दिवसांनीं आपल्या गांवांतल्या एका विधवा बाईला फोन आला. बोलणाऱ्यानें तिचें नांव घेतलें, मयत नवऱ्याचें नांव घेतलें, कोणत्या योजनेचा पगार मिळतो तेंही सांगितलें आणि म्हणाला, "मावशी, पगार चालू राहावा असें वाटतें ना ? मग मत कुठें द्यायचें तें समजून घ्या." मतदानाच्या दिवशीं ती बाई घराबाहेर पडलीच नाहीं. पुढें मला म्हणाली, "गुरुजी, त्यांना एवढें ठाऊक, तर बटण कोणतें दाबलें तेंही कळत असेल."

तें कळत नाहीं, बंधूंनो. एका माणसाचें मत कोणालाही कळत नाहीं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १२८ वें कलम मत गुप्त ठेवण्याचें बंधन मतदान व मतमोजणीच्या कामावरील माणसांवर घालतें, आणि तें मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. मतासाठीं धाक घालणें हाही त्याच कायद्यानें भ्रष्ट आचार ठरतो. पण त्या बाईच्या भयांत थोडें तथ्य होतें, तें झांकून कशाला ठेवूं ? कागदी मतपत्रिका होत्या तेव्हां निरनिराळ्या पेट्यांतल्या पत्रिका मोजणीपूर्वीं एकत्र मिसळतां येत. आतां यंत्रांची मोजणी केंद्रावार होते व आंकडे केंद्रावार जाहीर होतात. अनेक यंत्रांचीं मतें एकत्र मोजणारें साधन वापरावें, असें निवडणूक आयोगानें २००८ सालीं सुचविलें. विधि आयोगानेंही २०१५ च्या अहवालांत तेंच सांगितलें. सरकारनें तें मानलें नाहीं. म्हणून माणूस झांकलेला राहतो, पण वाडी उघडी पडते. वाडीचा आंकडा एका हातीं आणि माझ्या वहीचा फोटो दुसऱ्या हातीं, मग धमकीला आणखी काय लागतें ?

आतां कोणी म्हणेल, यादी तर सर्वांनाच पाहावयास मिळते. खरें आहे. नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, घर क्रमांक, वय हें यादींत असतें, आणि तें तसें असावेंही. नाहींतर खोटीं नांवें कोण पकडणार? पण मोबाईल नंबर, आधार, योजना, जात, दुखणें, यांतलें कांहींही प्रसिद्ध यादींत नसतें. उघड यादीचीही जपणूक लागते. आयोग संगणकावर यादी चित्ररूपानें ठेवतो, म्हणजे लाखों नांवें एका झटक्यांत उपसतां येऊं नयेत. ती शोधतां येण्याजोग्या रूपांत द्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या ऑक्टोबरांत नाकारली, तेव्हां मतदारांच्या खासगीपणाचें कारण विचारांत घेतलें होतें. आणि मीं मूर्खानें चहाच्या कपावर वही दिली !

दुसरा आक्षेप आपल्या म्हाताऱ्यांचा. गांवांत कोणाचें काय चाललें आहे तें सगळ्यांना ठाऊकच असतें, मग लपवायचें काय ? अहो, गांव तुम्हांला ओळखतें तसें तुम्हीही गांवाला ओळखतां. शहरांत बसून फोन करणारा तुम्हांला ओळखतो, तुम्ही मात्र त्याला ओळखत नाहीं. सावकाराच्या खातेवहीचें असेंच होतें. काय लिहिलें तें त्याला ठाऊक, आणि अंगठा आपल्या आज्याचा. आज आपलीं शिकलेलीं पोरें मोबाईलवर न वाचतां 'मान्य' दाबतात.

त्याचें फळ जगानें २०१८ सालीं पाहिलें. केंब्रिज ॲनालिटिका या विलायती कंपनीकडे फेसबुकवरील सुमारें ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असावी, असें फेसबुकनेंच कबूल केलें. ही कंपनी निवडणुकींत प्रचाराचें काम करी. एका प्रश्नावलीच्या ॲपवाटे ही माहिती उपसली गेली. आपल्या देशांत तें ॲप घेणारे अवघे ३३५, पण त्यांच्या मित्रांसकट माहिती जाण्याचा संभव असलेले ५ लाख ६२ हजार. एकानें दार उघडलें कीं सोळाशेंहून अधिक घरें उघडीं !

आपल्या गांवीं ही प्रश्नावली 'सर्वे' होऊन येते. "ताई, फॉर्म भरा, नंबर द्या, निवडून आलों कीं योजना सुरू." २ मे २०२४ रोजीं आयोगानें सर्व पक्षांस बजावलें कीं सर्वेच्या नांवाखालीं पुढच्या योजनांसाठीं लोकांचीं नांवें नोंदविणें ताबडतोब बंद करा, कारण ती लांच ठरूं शकते. तेव्हां असा फॉर्म दारीं आला तर पहिला प्रश्न विचारा : तूं कोणाचा, आणि हा कागद कोठें जाणार ? फोनवर आलेला ओटीपी तर कोणालाच सांगूं नका. मतदानासाठीं पक्षाची चिठ्ठी लागत नाहीं; ओळखपत्र लागतें आणि यादींत नांव लागतें. नांव पाहावयाचें तर १९५० या नंबरावर विचारा, किंवा माझ्याकडे या. कोणी खोटाच नमुना ७ भरून तुमच्या नांवावर हरकत घेतली, तर तुमचें म्हणणें मांडण्याचा तुम्हांला हक्क आहे. नोटीस आली तर ती चुलींत घालूं नका, त्या दिवशीं हजर राहा. खोटें निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आहे.

कायद्याचें म्हणाल तर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २०१७ सालीं निकाल दिला. माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघाले, आणि मुख्य बंधनांना त्यापुढें अठरा महिन्यांची मुदत दिली. संमति मागणारा कागद मराठींतही मागण्याचा हक्क त्यांत आहे. पण कायद्यानें उघड झालेली माहिती, जशी मतदार यादी, या कायद्याबाहेर ठेवली आहे. जें वहींत राहिलें व संगणकांत गेलें नाहीं, तेंही बाहेरच. माझी वही असल्या फटींतलीच.

ती वही मीं आज बरोबर आणली आहे. सरकारी कामाला लागतें तेवढें मीं वर भरून दिलें. बाकीचीं पानें घरवार सुटीं केलीं आहेत. सभा संपल्यावर ज्यानें त्यानें आपलें पान घेऊन जावें. ती बाई आज आली नाहीं. तिचें पान मी स्वतः तिच्या घरीं नेऊन देणार आहें.