नवा एजंट आला, पावती कोण देणार?

(दुबईतल्या सोनापूर इथे कामगार बांधवांसमोर केलेलं भाषण)



आठवड्याची एकच सुट्टी. त्यात कपडे धुवायचे, घरी फोन करायचा. तरी तुम्ही आलात, म्हणून जास्त वेळ घेत नाही.

‘एजंट’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गावातला ओळखीचा माणूस, मुंबईतलं ऑफिस, गहाण टाकलेले दागिने. आता नवा एजंट आलाय. तो मोबाइलमध्ये असतो, मराठी बोलतो, रात्री दोन वाजताही उत्तर देतो. आपण बोलून सांगायचं. तो बायोडाटा बनवतो, जागा शोधतो, अर्जही पाठवतो. काही कंपन्यांकडेही असंच मशीन असतं, ते अर्जांतून माणसं निवडतं. म्हणजे आपलं मशीन त्यांच्या मशीनशी बोलतं, आणि आपण बाहेर उभे.

हे सगळं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. इंग्रजी येत नाही म्हणून ज्याचा बायोडाटा कधी बनलाच नाही, त्याला याचा उपयोग आहे. पण आमच्या रूममधल्या एकाची गोष्ट ऐका.

सोलापूरकडचा माणूस. चौदा वर्षं सळईचं काम. आपल्याकडे बांधकामावर सळई कापणाऱ्या-बांधणाऱ्याला ‘फिटर’ म्हणतात. त्याने फोनवर तेच सांगितलं, “मी फिटर आहे.” इथे त्या कामाला स्टील फिक्सर म्हणतात. मशीनने त्याला पाइप फिटर करून टाकलं. इंग्रजी कागद त्याला वाचता आला नाही. निवड झाली, तिकीट आलं. साइटवर पहिल्या दिवशी पाइपचं काम दिलं, आणि दुपारपर्यंत तो हेल्पर झाला. पगारही हेल्परचा. कंपनी म्हणाली, बायोडाटा खोटा. भरतीवाला म्हणाला, ते मशीनने लिहिलं. कर्जाचा हप्ता मात्र याच्याच नावावर.

अशी चूक मोठमोठ्यांकडेही होते. अ‍ॅमेझॉनने अर्ज निवडणारं मशीन बनवलं होतं. ते जुन्या अर्जांवरून शिकलं, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. म्हणून बायकांच्या अर्जांना ते कमी लेखायला लागलं. शेवटी ते बंद केलं. 2018 मध्ये ही बातमी बाहेर आली. युरोपने 2024 च्या कायद्यात भरतीचं एआय जास्त जोखमीचं धरलंय.

माझं म्हणणं एवढंच, की काम मशीनने शोधलं तरी जबाबदारी माणसाचीच राहिली पाहिजे. मशीनकडे लायसन्स नाही, त्याची सही नाही. ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्याला “मशीनने केलं” म्हणून सुटू देऊ नका.

म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली, कामाचं नाव सांगू नका, काम सांगा. “सळई वाकवतो, स्लॅबची जाळी बांधतो” असं. मग बायोडाटा मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि इंग्रजी येणाऱ्या एखाद्या भावालाही दाखवा.

दुसरी, मोबाइलमधून कुणी नोंदणी फी मागितली तर थांबा. इथल्या 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, आडूनही नाही. भारतात नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. एजंट नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं.

तिसरी, ऑफर लेटर आणि सगळे मेसेज जपून ठेवा. उद्या तक्रार करायची झाली तर तोच पुरावा.

आणि रूमला विसरू नका. कुठली कंपनी पगार लांबवते, कुठला फोरमन काम शिकवतो, कुणाबरोबर जोडी जमते, हे आपल्या पोरांना माहीत असतं. मशीनला विचारा, पण हो म्हणायच्या आधी रूमला विचारा.

अडचण आली तर भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा फुकट नंबर आहे, 80046342. आता ज्यांनी मोबाइलवर बायोडाटा बनवलाय त्यांनी थांबा. एकत्र बसून वाचू.