घरपोच करारनामा आणि न्यायाचा हक्क



बंगळूर शहरात भाड्याचे घर घेणाऱ्या कामगाराला करारनाम्यासाठी आज कचेरीच्या दारातील टंकलेखकाकडे जावेच लागते असे नाही. मोबाइलवर नाव, पत्ता, भाडे आणि अनामत रक्कम भरली की कंपनीच्या संगणकातील ठरीव नमुन्यातून करारनामा तयार होतो, त्याला ई-मुद्रांक जोडला जातो आणि कागद घरपोच मिळतो. प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, वकिलाची नोटीस हे सारे याच पद्धतीने विकले जाते. कायद्याची सेवा हा आता बाजारातील तयार माल झाला आहे.

या बदलाकडे श्रमजीवी वर्गाने कोणत्या दृष्टीने पाहावे? यंत्राला सरसकट विरोध ही कम्युनिस्टांची भूमिका नाही. जुनी व्यवस्था काही गरिबांची कैवारी नव्हती. कचेरीभोवतीचे दलाल, प्रत्येक टेबलावरची चिरीमिरी, सामान्य माणसाला उमगणार नाही अशी भाषा आणि रोजंदारी बुडवून घालावे लागणारे हेलपाटे, हेच तिचे स्वरूप होते. हेलपाटे वाचत असतील तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कागद स्वस्त झाला म्हणून कागदातील अटी बदलतात काय, हा खरा प्रश्न आहे.

नमुना कोणाच्या हिताचा?

भाडेकराराचेच उदाहरण घ्यावे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा पडली आणि तयार नमुन्यांनी तिलाच नियमाचे रूप दिले. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची रीत बंगळूरमध्ये वर्षानुवर्षे चालत आली. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचविली आहे. पण राज्याने स्वीकारल्याखेरीज आदर्श कायदा कोणावर बंधनकारक होत नाही. नमुन्यातील मोकळ्या जागेत दोन महिने लिहिले काय अन् दहा महिने लिहिले काय, संगणक हरकत घेत नाही. घर सोडताना रंगकामाच्या नावाने एका महिन्याचे भाडे कापण्याचे कलमही तो तितक्याच तत्परतेने छापतो. घासाघीस करण्याची शक्ती ज्याच्या हाती, त्याचीच अट कागदावर उतरते.

घरोघरी जेवण पोचविणाऱ्या आणि गाडी चालविणाऱ्या कामगारांच्या बाबतीत तर मोकळी जागाही नसते. पडद्यावर आलेल्या लांबलचक करारनाम्याखाली एक बोट टेकवायचे, एवढेच त्याचे स्वातंत्र्य. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिलेल्या उबर विरुद्ध हेलर या खटल्यात हेच उघड झाले. कंपनीच्या करारानुसार ओंटारिओतील कामगाराला आपली तक्रार नेदरलँड्समधील लवादापुढे न्यावी लागणार होती आणि त्यासाठी सुमारे १४,५०० डॉलर प्रारंभिक शुल्क भरावे लागणार होते. न्यायालयाने ते कलम अन्यायकारक ठरवून रद्द केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९८६ मध्येच सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात मांडले होते. बलाढ्य पक्षाने दुर्बल पक्षावर लादलेली, सदसद्विवेकाला धक्का देणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार शून्यवत ठरते, असा तो निवाडा आहे. तत्त्व कामगाराच्या बाजूचे आहे. ते न्यायालयात जाऊन सिद्ध करण्याची ऐपत मात्र त्याच्याकडे नाही.

म्हणूनच कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार सामाजिक सुरक्षा व कल्याण कायद्यातील एक तरतूद महत्त्वाची आहे. करार सोप्या भाषेत असावा आणि कन्नड, इंग्रजी किंवा कामगाराला कळणाऱ्या आठव्या अनुसूचीतील अन्य भाषेत तो उपलब्ध असावा, असे त्यात सांगितले आहे. आठव्या अनुसूचीत मराठीही आहे. बंगळूरच्या रस्त्यांवर राबणाऱ्या मराठी तरुणाने करार आपल्या भाषेत मागितला, तर ती मेहेरबानीची याचना होत नाही.

‘भूमी’ने दिलेला धडा

संगणकीकरणाचा मोठा प्रयोग कर्नाटकाने या शतकाच्या आरंभीच केला. ‘भूमी’ योजनेत सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या जवळपास दोन कोटी जमीन-नोंदी संगणकात गेल्या आणि १५ रुपयांत उतारा मिळू लागला. ग्राम लेखापालाच्या दप्तराची मक्तेदारी मोडली, हे निःसंशय पुढचे पाऊल होते. पण २००७ मध्ये सोलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर परिसराच्या अभ्यासातून दुसरी बाजू पुढे आणली. नोंदी एका जागी आल्याचा लाभ मोठ्या जमीन-व्यावसायिकांनी उठविला आणि लहान शेतकऱ्याला गावपातळीवर दाद मागण्याची वाट अरुंद झाली. माहिती सर्वांना खुली झाली, तरी तिचा उपयोग करण्याची शक्ती सर्वांकडे सारखी नसते.

भाषेचा प्रश्न येथेही आहे. हा उतारा कन्नडमध्ये निघतो. बेळगाव-खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला तो वाचता येत नसेल, तर स्वस्तात मिळणाऱ्या उताऱ्यासाठी पुन्हा मध्यस्थाच्याच दारी जावे लागते. अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कन्नड भाषिकाची मराठी सातबाऱ्यापुढे हीच अडचण होते. दोघांचाही हक्क एकच आहे. भाषिक दुराव्याचे राजकारण करणाऱ्यांना हे साधे सत्य सांगितले पाहिजे.

चुकीची जबाबदारी कोणाची?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘रोबो वकिला’ची जाहिरात जोरात आहे. अशीच जाहिरात करणाऱ्या डूनॉटपे या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये कारवाई जाहीर केली. आपली सेवा माणूस-वकिलाच्या तोडीची आहे काय, याची कंपनीने चाचणीच घेतली नव्हती, असा आयोगाचा आरोप होता; कंपनीला १,९३,००० डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले. बंगळूरचा अनुभवही बोलका आहे. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या तेथील खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले होते, आणि तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. न्यायपीठावर असे घडू शकते, तर मोबाइलवरून मृत्युपत्र करणाऱ्या विधवेच्या कागदातील चूक कोण शोधणार? ती चूक कळेल तेव्हा कागद करणारी व्यक्ती हयात नसेल. बहुतेक वेळा कंपनीने ‘हा कायदेशीर सल्ला नव्हे’ अशी बारीक अक्षरांतील ओळ घालून आपले अंग आधीच काढून घेतलेले असते.

हक्क आधीच लिहिलेला आहे

केरळच्या १९५७ च्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात कायदामंत्री असलेले व्ही. आर. कृष्ण अय्यर पुढे केंद्राने नेमलेल्या कायदेविषयक साहाय्य समितीचे अध्यक्ष झाले. समितीचा अहवाल १९७३ मध्ये आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ संविधानात आले आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार सर्व स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार मोफत सेवेस पात्र आहेत. स्त्रियांना आणि कामगारांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे हेही या कायद्याने ‘विधी सेवे’तच गणले आहे. सही करण्यापूर्वी कागद समजावून घेणे यात येते. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो किती कामगार वस्त्यांत माहीत आहे?

यातून पक्ष सभासदांपुढे येणारी कामे स्पष्ट आहेत. पहिले, भाडेकरार, नेमणूकपत्र आणि मुखत्यारपत्र यांचे अधिकृत नमुने शासनाने लोकांच्या भाषांत, विनामूल्य आणि दुर्बल पक्षाचे संरक्षण करणाऱ्या अटींसह उपलब्ध करावेत, ही मागणी युनियन आणि महिला संघटनांमार्फत रेटली पाहिजे. दुसरे, पैसे घेऊन कागद करून देणाऱ्या कंपनीवर त्या कागदातील दोषाची जबाबदारी कायद्याने टाकली पाहिजे. वकिलांची मक्तेदारी जपण्यासाठी ही मागणी नाही. ग्राहकाच्या संरक्षणासाठी ती आवश्यक आहे. तिसरे, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी युनियन कचेरीत कागद वाचून समजावून देणारे केंद्र चालवावे आणि प्रत्येक पात्र व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोचवावे.

तिसऱ्या कामासाठी कोणत्याही सरकारी हुकमाची वाट पाहण्याची गरज नाही. वाचता येणारा एक कार्यकर्ता, सहकार्य करणारा एक वकील आणि ठरलेली वेळ, एवढ्यावर ते सुरू होते. कामगार एकटा पडद्यापुढे बसतो तेव्हा त्याला फक्त ‘मान्य’ एवढेच म्हणता येते. शंभर कामगारांचा तोच करार युनियनच्या टेबलावर एकत्र वाचला जातो, तेव्हा ‘हे कलम मान्य नाही’ असे म्हणण्याचे बळ प्रथमच निर्माण होते.