कामाला जागा हवी, पण कोणाच्या अटींवर?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला गटांच्या बैठकीतील भाषण)



कर्ज, हप्ता, व्याज यांवर गटात दर महिन्याला बोलणं होतंच. आज जागेबद्दल बोलू या.

गोधडी शिवणारीला विचारा. गोधडी पसरायला अख्खी खोली लागते. जेवणाची वेळ झाली की गुंडाळा, पाहुणे आले की गुंडाळा, नवरा आडवा झाला की गुंडाळा. मशीन दारामागे, कापड पलंगाखाली, चित्रं काढणाऱ्या मुलीचे रंग फडताळावर. बाईच्या स्वतःच्या कामाला घरात जी जागा मिळते ती इतरांची सोय लावून उरलेली.

व्हर्जिनिया वूल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली मांडलं की बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. त्या पुस्तकातल्या बाईला हे पौंड मिळतात कुठून? तिची एक आत्या मुंबईत घोड्यावरून पडून मरते, तिच्या वारशातून! आपल्या आत्यांकडे घोडा नव्हता आणि सातबाऱ्यावर नावही नव्हतं. तेव्हा आपल्याला खोली मिळूनच करावी लागणार. ती कशी करावी, कशी करू नये, हे शिकायला लांब जायला नको. केडगाव आणि चौफुला, दोन्ही दौंड तालुक्यातच आहेत, शेजारीशेजारी.

केडगावला पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर माळरान घेतलं ते फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर पुण्याचं शारदा सदन चालावं, देणग्यांवर अवलंबून राहू नये, हा हिशोब. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून त्या केडगावच्या शेतावर आल्या. आधी झोपड्या, मग इमारती. १९०० च्या सुमारास तिथे पंधराशेच्या वर बायका-मुली होत्या. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेती, सगळं त्याच करायच्या. पुढे छापखानाही आला. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले, छपाईही त्यांनीच केली. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या काळात बाईने अक्षर ओळखणं हेच धाडस होतं, त्या काळात बाया खिळे जुळवत होत्या. अंध स्त्रियांसाठीही तिथे सोय होती. रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती.

यातून मी घेते ती गोष्ट म्हणजे जागेचा लवचीकपणा. बागेसाठी घेतलेली जमीन गरजेप्रमाणे आसरा झाली, मग शाळा, मग कारखाना. पण दिवस घंटेवर चालायचा, धर्म संस्थेचा होता, आणि आज काय करायचं हे करणारी ठरवत नव्हती. दुष्काळातून जीव वाचवून आलेल्या मुलींच्या बाबतीत याला दोष देणं सोपं आहे, मी देत नाही. आपल्या खोलीत मात्र घंटा नको.

आता चौफुला. तिथल्या कला केंद्रांचं नाव काढलं की आपल्यातल्या काहीजणी अजून मान खाली घालतात. संगीत बारीत पार्टीची मालकीण बाई असते, पेटी-ढोलकीवाले तिच्या पार्टीत, कमाईवर आख्खं घर उभं. एकाच खोलीत दुपारी रियाज, पोरांचा अभ्यास, स्वयंपाक आणि रात्री बैठक. याहून लवचीक जागा कोणती? पण खोली थिएटरवाल्याची. कमाईतला हिस्सा त्याचा. २०२० साली टाळेबंदीत केंद्रं बंद झाली तेव्हा कला बाईच्या गळ्यात होती, पण ती सादर करायला दार उघडं नव्हतं. या बायकांना आपल्या बैठकीत बोलवायला हवं. जागेच्या व्यवहारातलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग आपली खोली कशी? मला वाटतं, एकच मोठी खोली, मध्ये भिंती नकोत. सकाळी जमिनीवर गोधड्या, दुपारी भिंतीकडेने मशिनी (बटणं त्याच भिंतीला घ्या, वायरी पायात नकोत), संध्याकाळी भजनी मंडळ, नाटक, लिहिणाऱ्या मुली. प्रत्येकीला कुलपाचा छोटा कप्पा, म्हणजे अर्धं काम तसंच ठेवून जाता येईल. लहान पोरांसाठी कोपरा. आणि संडास. तो नसेल तर बाकीचं सगळं फुकट.

जागा गावठाणात, एसटी थांब्याजवळ घ्या. शिरूरकडच्या बायांना कारण सांगायला नको. उसात बिबट्या आहे, मळ्यातल्या वस्तीवरून सांजवेळी कोण एकटी येईल?

पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. अनेक ठिकाणी त्यातून शिलाई मशिनी वाटतात, फोटो काढतात, आणि मशीन पुन्हा दारामागे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे मशीन नको, खोली द्या, असा ठराव घ्या. बंद समाजमंदिर मिळालं तरी चालेल, पण वापराचा करार लेखी, गटाच्या नावाने हवा. विजेचं मीटर वेगळं. भाडं वहीत, पावतीसह. आणि किल्ल्या तीन, तीन वेगळ्या घरांत. त्यातली एकही सरपंचाच्या घरी नको, सरपंच बाई असली तरी!

महिन्याभराने पुन्हा भेटू. येताना प्रत्येकीने आपल्या गावातल्या कुलूप लागलेल्या सरकारी खोल्यांची यादी आणायची. खोली कोणती, किती वर्षं बंद, किल्ली कोणाकडे.