अन्यत्व भावना आणि कौंडण्यपूरची रुक्मिणी

वर्धातीरावरील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. आषाढीसाठी तिची पालखी येथूनच पंढरपुरास जाते. भीमकाची कन्या, रुक्मीची भगिनी, श्रीकृष्णाची पट्टराणी, प्रद्युम्नाची माता ही तिची ओळख सर्वश्रुत आहे. 'अंतगडदसाओ' या आगमात मात्र ती श्रीकृष्णाची अनुमती घेऊन भगवान अरिष्टनेमींच्या संघात दीक्षित होते व मोक्षास जाते. पूर्वीच्या प्रत्येक ओळखीत दुसऱ्या कोणाचे तरी नाव होते. ती सारी तिने मागे ठेवली.

बारा भावनांतील अन्यत्व भावनेचा अभ्यास हाच. 48 मिनिटांच्या सामायिकात श्रावकाने "मी कोण?" असे स्वतःस विचारावे. दुकान, आडनाव, संस्थेतील पद, देह अशी जी उत्तरे येतील, त्यांतील प्रत्येकाविषयी "हे गेले तर मी उरतो काय?" हे तपासावे. दुकान सहज सुटते, निदान बसल्या जागी तरी! "मी मुलांचा बाप" येथे मात्र बहुतेकांचे आसन डळमळते. तेथून उठू नये. नाते तोडावयाचे नसते. नाते आणि त्यास जाणणारा वेगळे आहेत, एवढेच पाहावयाचे असते.

श्राविकांना एक पायरी अधिक चढावी लागते. अनेकींचे नावच विवाहात बदललेले असते; त्यांनी आरंभ माहेरच्या नावापासून करावा.